माझ्या गालाची पेशी

“माझी आहे,” असं गुरुजी म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते आणि माझ्या गालाच्या आतलं कातडं अजून चुरचुरत होतं.

शाळेचे अध्यक्ष टेबलावर वाकलेले. एक डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावलेला, दुसरा गच्च मिटलेला. फेट्यासकट वाकता येईना म्हणून फेटा काढून शिपायाच्या हातात दिलेला. त्यांनी विचारलं होतं, “कुनाची म्हनायची ही पेशी?” साधा सवाल. त्याला उत्तरही साधं होतं. गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. मग म्हणाले, “माझी आहे.”

खिडकीच्या बाहेर माझा बा उभा होता. धुतलेलं धोतर नेसून, टोपी हातात धरून. सात मैल चालत आला होता तो. गुरुजी काय म्हणतात एवढंच ऐकायला आला होता. त्यानं ते ऐकलं.

हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आम्ही गावकुसाबाहेरचे. निजामाचं राज्य जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. आमच्या वस्तीनं घरातले देव नदीत सोडले होते, मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं होतं. त्यापायी गावानं आम्हाला गिरणीत दळण दळून देणं बंद केलं होतं. माय पुन्हा जात्यावर बसली, पण तिनं मला शाळेतून काढलं नाही. हायस्कूल तालुक्याच्या गावी होतं. तिथल्या वस्तीत मायची एक लांबची बहीण राहायची. तिच्याकडं राहून मी आठवीत शिकत होते. वर्गात आम्ही तीन मुली. त्या दोघी बाकावर बसायच्या. मी खिडकीखाली, गोणपाटावर. बाक कमी आहेत असं मला सांगितलं होतं. मागचे दोन बाक वर्षभर रिकामे होते.

त्या वर्षी शास्त्र शिकवायला नवे गुरुजी आले. पुण्याकडचे. आमच्याकडच्या जुन्या मास्तरांचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, त्यांना मराठीतून शास्त्र शिकवता येईना. म्हणून हे आले. गोरे, किडकिडीत, चष्मा. खिशात सुपारीची डबी. तोंड सदा हलतं. वर्गात आले की आधी खिडकीशी जाऊन थुंकून यायचे आणि मग शिकवायला लागायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पेशी. म्हणाले, “हा शब्द कुणी ऐकलाय का?”

सगळ्या वर्गाचे हात वर. गुरुजी चकित झाले. त्यांना वाटलं, एवढी हुशार पोरं! मीपण हात वर केला होता. त्यांचं बोट माझ्याकडं वळलं. त्या शाळेत माझ्याकडं वळलेलं ते पहिलं बोट. मी उभी राहिले.

“पेशी म्हंजी तारीख. तहसीलात जाऊन हुबं ऱ्हायाचं. पुकारा झाला की जी म्हनायचं. सायब न्हाय आला तर म्होरली पेशी.”

कुणी हसलं नाही. सगळ्या वर्गाला तेच सांगायचं होतं. बड्या घरचे, छोट्या घरचे, समद्यांचे बाप कुठल्या ना कुठल्या पेशीला जातच होते. निजाम गेला तरी कचेरीतले शब्द गेले नव्हते. हसले ते एकटे गुरुजी. खोकला येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, “छान. तीही पेशीच. पण ही दुसरी. ही तुझ्या अंगात आहे. माझ्याही आहे. वर्ग भरून आहे. तिला डोळ्यांनी पाहण्यासाठी हजर करावं लागतं, म्हणून तुझं उत्तर अगदीच चूक नाही.”

मला कुणी चूक असूनही बरोबर म्हटलेलं तेही पहिल्यांदाच. त्या दिवशी मी त्या माणसाला माझा मानला. इथंच माझं चुकलं.

पेशी हा शब्द आमच्या घरात फार वापरलेला होता. नदीकाठी आमचा दीड एकराचा इनामाचा तुकडा. त्यात एका मोठ्या घरानं नांगर घातला. बा तीन वर्षं त्याच्या पेशीला जात होता. पेशी असली की आदल्या दिवशी माय त्याला भाकरी बांधून द्यायची.

पुढं सूक्ष्मदर्शक आला. अध्यक्षांनी तो शाळेला देणगी म्हणून दिला होता. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेनं आणि तिथून एसटीत गुरुजींच्या मांडीवर बसून आला. पितळेचा, जड, खाली गोल आरसा. उद्घाटनाला महिना होता. तोवर पोरांनी हात लावायचा नाही असा हुकूम.

पण गुरुजींनी मला दाखवला. शाळा सुटल्यावर. मला थांबवलं, खिडकी उघडली, आरसा उन्हाकडं फिरवला. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला आणि म्हणाले, “इथं पहिली तू.”

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम स्वच्छ झालं. लांबट चौकोन, एकाला एक लागून, घराच्या भिंतीत विटा बसवाव्या तसे. प्रत्येक चौकोनात एक ठिपका. गुरुजी माझ्या मागं उभं राहून सांगत होते. बाहेरची ती भित्ती. आत भरलंय ते जीवद्रव्य. ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो. एकसारख्या पेशी एकत्र राहून एकच काम करायला लागल्या की त्यांना ऊती म्हणायचं. कातडीची एक, मांसाची एक, हाडाची एक.

मी विचारलं, “मंग आमची वस्ती बी ऊतीच का गुरुजी? समदी एका जागी. काम बी एकच.”

त्यांनी खिडकीशी जाऊन सुपारी थुंकली. मग म्हणाले, “नाही. पेशीला आपली जागा सोडून जाता येत नाही. माणसाला येतं. तू आलीस ना इथवर?”

हे वाक्य मी घरी जाऊन मावशीला सांगितलं. रविवारी गावी जाऊन मायला सांगितलं. मायला ऊती कळली नाही, पण ती म्हणाली, “देवमाणूस हाय गं.”

मग गालाचं काम निघालं. उद्घाटनाला माणसाची पेशी दाखवायची असं गुरुजींनी ठरवलं. माणसाची पेशी मिळवायला सोपं. काडेपेटीच्या काडीचं बिनगुलाचं टोक गालाच्या आतून हलकं फिरवायचं. जे येईल ते काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरायचं. निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. वर पातळ काच. झालं. पण गाल कुणाचा? वर्गातल्या पोरांना विचारलं तर त्यांच्या घरून निरोप आले. थुंकी काचेला लावायची, ती काच कुणीही धरायची, हा कसला विटाळ, आमचं पोर यात नको. गुरुजींनी आपला गाल खरवडून बघितला. नळीत बघतात तर सुपारीची काळी कुसळं नुसती. त्यांत पेशी शोधायच्या म्हणजे खड्यांतून साखर निवडायची. चार वेळा चुळा भरून बघितलं. तेच.

माझा गाल साफ निघाला. भाकरी आणि कोरड्यास खाणारा गाल. त्यात काय असणार? रोज शाळा सुटल्यावर मी खरवडायचे. काडी जोरात लागली तर रक्त यायचं, हलकी लागली तर नुसती थुंकी. किती जोर लावायचा ते गुरुजींना सांगता येत नव्हतं, ते माझं मीच शिकले. दहाबारा दिवसांत मला असं जमायला लागलं की एका थेंबात पाच-सहा पेशी सुट्या सुट्या दिसायच्या. कांद्यासारख्या चौकोनी नव्हेत. चपट्या, कडा वेड्यावाकड्या, निळसर. मधोमध गडद केंद्रक. माझ्याच तोंडातलं, आणि मी बाहेरून बघत होते. मला नवल वाटायचं, की इतकं नीटनेटकं काही माझ्यात आहे आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस बा पेशीसाठी तालुक्याला आला, परतताना शाळेच्या फाटकाशी थांबला. आत यायची त्याची सवय नव्हती. गुरुजी बाहेर गेले. बाला म्हणाले, “तुमची मुलगी हुशार आहे. उद्घाटनाला या. ही पेशी कुणाची ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

‘तुमची’ म्हणाले. बाला कुणी अंगरखा घातलेल्या माणसानं ‘तुम्ही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बालाही ते पेलेना. तो नुसता “जी, जी” करत राहिला.

उद्घाटनाचा दिवस आणि बाची तहसीलातली पेशी एकाच दिवशी आली. मी म्हटलं, “बा, तू तिकडं जा.” बा म्हणाला, “तितं मला कोन वळखतं? म्होरली तारीख घिऊ. आज तुझी पेशी हाय.” आणि स्वतःच्या विनोदावर तो हसला. माझा बा फार कमी हसायचा.

तर असा तो खिडकीत उभा होता.

“वाटलंच मला,” अध्यक्ष नळीतून डोळा न काढता म्हणाले. “काय साफ हाय! खानदानी पेशी दिसती. मास्तर, तुमी लोक खानंपिनं पाळता, त्याचा असर हाय ह्यो.”

गुरुजी हसले. गालात सुपारी धरून हसले.

अध्यक्ष सरळ झाले. शिपायानं फेटा दिला. भाषणाला उभे राहिले. गुरुजींनी त्यांना ऊती समजावून दिली होती, ती त्यांनी आपल्या परीनं घेतली. म्हणाले, “बगा, ही काय कुना मानसाची करनी न्हाय. कुदरतनंच वाटनी केलीय. कातडीनं कातडीचं काम करायचं, मेंदूनं मेंदूचं. पायाच्या पेशीनं उद्या म्हनावं, मला डोस्क्यात बसायचं, तर शरीर चालंल का? आजकाल काही लोकांना हे उमगंना झालंय. मास्तर, खरं का न्हाय?”

मी गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते. मला खात्री होती. माझी पेशी खाल्ली ती खाल्ली, भीती वाटली असेल, पण हे तरी ते खोडतील. माणसाला जागा सोडता येते हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

“अगदी खरं,” गुरुजी म्हणाले.

त्या क्षणी माझं तोंड सुटलं. मी ठरवलं नव्हतं. शब्द आपोआप आले.

“ती पेशी माझी हाय.”

पुढच्या रांगेत फौजदार होते, व्यापारी होते, सगळे माझ्याकडं वळले. अध्यक्षांना आधी कळलंच नाही आवाज कुठून आला. मी पुढं झाले. “म्या खरवडलीय ती. सकाळी. माझ्या गालातली हाय.”

अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आम्ही कुठल्या वस्तीतले ते ओळखायला आमच्या भागात तेवढंच लागतं. त्यांचा हात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला. उपरण्याच्या टोकानं त्यांनी डोळा पुसला. मग पुन्हा पुसला. म्हणाले, “पानी आना.” शिपाई तांब्या घेऊन धावला. ते दारात जाऊन डोळा धुवायला लागले. माझी पेशी काचेखाली, काच नळीखाली, नळी वीतभर लांब, आणि हा मोठा माणूस माझ्या पेशीमुळं डोळा धूत होता. मला रडू यायच्या जागी हसू आलं. ते हसू त्यांनी बघितलं.

“मास्तर, पोरगी काय म्हनती?”

गुरुजींना आणखी एक संधी होती. एवढं होऊनही होती. ते म्हणाले, “बरळते काहीतरी. खोटं बोलायची खोड आहे तिला. पेशी माझीच आहे.”

मग मी त्यांनीच शिकवलेलं वापरलं. “गुरुजींच्या पेशीत सुपारी दिसती. हितं बगा, हाय का सुपारी? न्हाय पटत तर दोन काचा करा. एक गुरुजींची, एक माझी. समद्यांम्होरं करा. काडी आना, आत्ता करते.” आणि मी तोंड उघडून सोललेला गाल दाखवला.

कुणी बघितलं नाही. ना तोंडात, ना नळीत. शास्त्राच्या खोलीत तीस-चाळीस शिकलेली माणसं होती आणि एकालाही खरं-खोटं करून बघायचं नव्हतं. मुख्याध्यापकांनी माझा दंड धरायला हात पुढं केला, मधेच थांबवला, आणि छडीनं दाराकडं खूण केली. मी बाहेर आले. बा खिडकीपाशीच होता. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि चालायला लागला.

त्याच दिवशी तहसीलात बाच्या नावाचा पुकारा झाला. तीनदा झाला म्हणे. हजर कुणी नाही. निकाल एकतर्फी लागला आणि नदीकाठचा तुकडा गेला.

तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना शाळेत बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक कागद होता आणि शेजारी अंगठ्यासाठी शाईची डबी. कागद माफीनाम्याचा. अक्षर मी ओळखलं. फळ्यावर ‘पेशी’ लिहिणारं तेच वळणदार अक्षर. ‘मी खोटे बोलले. सदर पेशी गुरुजींची होती. माझ्या वर्तनाबद्दल मी व माझे वडील क्षमा मागतो.’

गुरुजी मला व्हरांड्यात घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, “सही कर. एका सहीनं काय होतं? माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. घरी दोन लहान मुलं आहेत. पुढं मी तुला शिकवीनच. शाळा सुटल्यावर येत जा.”

शाळा सुटल्यावर. तेव्हा मला लख्ख दिसलं. या माणसानं मला जे जे दिलं ते शाळा सुटल्यावर दिलं होतं. पोरं घरी गेल्यावर मला पहिली म्हणायचं. फाटकाबाहेर जाऊन बाला तुम्ही म्हणायचं. त्यांचा सगळा चांगुलपणा कुणी बघत नसतानाचा होता. मी मात्र त्याला भरल्या वर्गातला समजून बसले होते.

आत गेले. मुख्याध्यापक बाला म्हणाले, “अंगठा कर रे. पोरीला वर्षभर बसू देतो.”

बानं शाईकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. “खोटं बोललीस का, पोरी?”

“न्हाय बा.”

“मंग अंगटा न्हाय,” बा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात बंडीच्या आत घातले. आयुष्यभर प्रत्येक कागदावर अंगठा करत आलेला माणूस. मुख्याध्यापकांनी शाईची डबी पुढं सरकवली. पण हात बाहेर आले नाहीत.

पटावरून माझं नाव कमी झालं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: सतत गैरहजर.

माझी दोन वर्षं वाया गेली. त्या दोन वर्षांत मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मग बार्शीकडं एका वसतिगृहात जागा मिळाली. शिकले. सरकारी दवाखान्यात रक्त-थुंकी तपासायच्या कामावर लागले. रोज नळीला डोळा लावते. अध्यक्षांवर माझा राग नाही असं मी म्हटलं तर लोक दचकतात. पण त्यांनी मला कधी आपलं म्हटलं नव्हतं. त्यांनी डोळा धुतला, तो त्यांचा होता. ज्यांना मी माझं मानलं त्या गुरुजींनी मात्र माझं तोंडच पुसून टाकलं.

नोकरी लागली तेव्हा तालुक्यातल्या वस्तीनं माझा सत्कार ठेवला. मंडपात खुर्च्या मांडल्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्यांनी गुरुजींना बोलावलं. ते अजून तिथंच होते. कायम झालेले. केस पिकायला लागलेले, डबी तीच. सूत्रसंचालक पोरगा म्हणाला, “आता ताईंचे गुरुजी ताईंविषयी दोन शब्द बोलतील.”

गुरुजी उठले. घसा साफ केला. डोळे पाणावलेले. म्हणाले, “या मुलीला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक मी दाखवला...”

“बसा गुरुजी,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी मानानं म्हणते आहे. ते हसून पुढं बोलायला लागले. मी उभी राहिले. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातातून घेतला. ओढून घेतला असंच म्हणा. मंडप चपापला. पहिल्या रांगेत बा बसला होता, त्यानं मान खाली घातली नाही.

“तेव्हा माझी परिस्थिती...” गुरुजी पुटपुटले.

“तुमची परिस्थिती तुमी सांगा. माझी मी सांगते.”

आणि मी सगळं सांगितलं. काडी, सुपारी, तांब्या, माफीनामा, कुणाचं अक्षर ते. ते खुर्चीत बसून होते. कुणी त्यांना पाणी दिलं. मी थांबले नाही. ते वयानं मोठे आहेत, जाऊ दे, असं मागून एक बाई म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. आजही देत नाही.

तेव्हापासून माझ्यासाठी कुणी बोलायला उठलं की मी त्याला खाली बसवते. वाईट बोलणाऱ्याला बसवते, आणि चांगलं बोलणाऱ्याला त्याच्याही आधी बसवते. माझ्या तोंडातलं आहे, ते माझ्याच तोंडानं सांगणार.